जमीन हलली त्या रात्रीनंतर : सातारा-सांगलीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठी. लग्न होऊन मिरजेत आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. माहेरी जमीन हलणं अंगवळणी पडलेलं. इकडे मिरज-सांगलीत, विटा-आटपाडी-जतकडे, साताऱ्याच्या माण-खटाव भागात मात्र धक्का क्वचितच जाणवतो, आणि जाणवला की अख्खी गल्ली रस्त्यावर येते. मी 'कोयनेकडची' म्हणून त्या रात्री आणि पुढचे दोन-चार दिवस माझा फोन वाजत राहतो. शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे पालकही विचारतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे लोकांच्याच शब्दांत मांडले आहेत.

आपल्याकडे भूकंप होत नाहीत ना? मग हे काय होतं?

भूकंपच होता. 'आपल्याकडे होत नाहीत' या वाक्याची मला फार भीती वाटते, कारण ते वाक्य आपल्या मुलखात दोनदा खोटं ठरलं आहे, आणि दोन्ही वेळा लोक झोपेत असताना.

१९६७ च्या आधी दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, थंड, जुना खडक असंच समजलं जायचं. भूकंप हिमालयात, आसामात, कच्छात. कोयनेचा भाग भूकंपाच्या नकाशावर अगदी कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं, दोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. त्यानंतर नकाशा बदलला आणि कोयनेचा परिसर चौथ्या, म्हणजे वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला.

दुसऱ्यांदा लातूरकडचं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका आटोपून माणसं नुकतीच झोपलेली. तोही भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होता. तिथले बळी हजारांत मोजावे लागले. किल्लारीच्या आसपास आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्के आणि जमिनीखालून आवाज येत होते. लोक घाबरले, बाहेर झोपले, काही दिवसांनी पुन्हा घरात गेले. त्यांना दोष देण्यासारखं यात काही नाही, आपणही तेच केलं असतं. पण नकाशावरचा रंग म्हणजे जमिनीने दिलेला शब्द नव्हे, एवढं या दोन तारखांनी आपल्याला शिकवलं आहे.

आज कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात आणि त्याच्या भोवतीचा मुलूख तिसऱ्या पट्ट्यात धरतात. सांगलीत बसून जो धक्का जाणवतो तो बहुतेक वेळा कोयना-वारणा भागातून आलेला असतो. कोयनानगर ते सांगली सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तेवढं अंतर कापायला भूकंपाच्या मुख्य हेलकाव्याला अर्धा मिनिट लागतो.

धरण फुटलं तर?

खरं तर हाच पहिला प्रश्न असतो, बाकीचे नंतर येतात. सांगलीतला माणूस भूकंपाने घराबाहेर पडतो आणि पहिल्यांदा नदीकडे बघतो. २००५ चा महापूर, २०१९ चा महापूर ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट झाली हे आपल्याकडे लहान मूलसुद्धा विचारतं. कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, वारणेचं हरिपूरला. दोन्ही वाटा आपल्याच दारात येतात. कोयनेचा साठा १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वारणेचा ३४. म्हणून ही भीती वेडेपणाची नाही.

आता घडलं काय होतं ते ऐका. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. त्याचा आराखडा करताना भूकंपाचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या फक्त ५ टक्के धरला होता, कारण इथे भूकंप होणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. ६७ च्या त्या पहाटे धरणात बसवलेल्या यंत्रावर ६० टक्क्यांहून जास्त जोर नोंदला गेला. धरणाच्या उंच भागांना वरच्या बाजूला, जिथे मागच्या अंगाचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा गेल्या. पाणी झिरपलं. धरण उभं राहिलं. पुढे त्या उंच भागांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते भक्कम करण्यात आलं. तेव्हापासून आजपर्यंत या भागात पाच आणि त्याहून मोठ्या तीव्रतेचे वीसेक धक्के बसले आहेत आणि धरण जागेवर आहे.

एवढं सांगितल्यावरही 'काही होणार नाही, निश्चिंत झोपा' असं मी म्हणत नाही. धरणाच्या सुरक्षिततेबद्दल प्रश्न विचारणं हा खालच्या गावांचा हक्क आहे. धक्क्यानंतर धरणाची पाहणी होते, तिचा निष्कर्ष लवकर आणि मराठीत, गावच्या ग्रुपवर पोचेल अशा साध्या भाषेत जाहीर व्हायला हवा. तो यायला उशीर झाला की तेवढ्या वेळात अफवा पोचते. एकदा आमच्या गल्लीत रात्री दीड वाजता 'पाणी सोडलंय, वर या' असा निरोप फिरला. दोन म्हाताऱ्या बायका जिना उतरताना पडल्या. पाणी कुठेच सोडलं नव्हतं.

भूकंप धरणामुळेच होतो ना? मग उघड कबूल का करत नाहीत?

कबूल केलेलं आहे, आणि जगभर केलेलं आहे. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगात पहिलं नाव कोयनेचं घेतात. अशा प्रकारचा ६.३ हा जगातला सर्वांत मोठा धक्का. १९६१-६२ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि १९६३ च्या सुमारास आजूबाजूच्या गावांना लहान धक्के आणि सुरुंग उडाल्यासारखे आवाज जाणवू लागले. तेव्हा लोकांनी 'धरणाचं पाणी भरल्यापासून हे सुरू झालं' असं म्हटलं होतं. शास्त्रज्ञांच्या बैठकांमध्ये यावर पुष्कळ वर्षं वाद चालला, पण गावकऱ्यांची नोंद बरोबर होती. पुढे १९८५ मध्ये वारणेच्या धरणात पाणी साठायला लागलं आणि काही वर्षांत धक्क्यांचं क्षेत्र तिकडेही सरकलं.

मात्र 'पाण्याच्या वजनाने जमीन खचली' हा समज सुधारायला हवा. खडकात जुनी भेग असते, तिच्यात ताण आधीपासूनच साठलेला असतो. पाणी झिरपत खोल उतरतं, भेगेतला दाब वाढवतं, दोन बाजूंची घट्ट पकड सैल करतं. मग जो ताण केव्हातरी सुटायचाच होता तो लवकर सुटतो. अडकलेल्या कडीला तेलाचा थेंब टाकल्यावर ती जशी सटकते, तसं. पावसाळा संपून जलाशय भरला की, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, धक्के वाढलेले दिसतात. १९६७ मध्येही मोठ्या धक्क्याआधी १३ सप्टेंबरला एक मोठा धक्का येऊन गेला होता.

कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगदा जोडला, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. त्याने भूकंप होतात का, असंही विचारतात. तो स्फोट खडकाच्या वरच्या थरात, काही मीटरचा. भूकंप होतो तो कित्येक किलोमीटर खाली. तिथे नेमकं काय चालतं हे बघायला कोयना परिसरात गोठणे इथे ३ किलोमीटर खोल भोक पाडलं आहे. सव्वा किलोमीटर काळा बेसॉल्ट, त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक. त्या कामाची प्रयोगशाळा कराडला आहे. सातारा-सांगलीच्या प्रत्येक शाळेची सहल एकदा तरी तिकडे न्यावी असं मला मनापासून वाटतं.

६७ साली लोकांनी काय केलं होतं?

आई तेव्हा अकरा वर्षांची होती. तिने सांगितलेलं मी तिच्याच क्रमाने लिहिते.

आधी आवाज आला. अंगणात मोठा ट्रक आला असं वाटलं, पण आमच्या अंगणापर्यंत ट्रक येण्याजोगा रस्ताच नव्हता. मग उतरंडीची मडकी फुटल्याचा आवाज. मग आजोबांनी तिला आणि धाकट्या मामाला घोंगडीसकट उचललं आणि उंबऱ्याबाहेर टाकलं. उचलून ठेवलं नाही, टाकलं. तिच्या कोपरावर तो वण अजून आहे. मागची दगडमातीची भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून घरातले वाचले. शेजारच्या घराची भिंत आत पडली.

आजोबा परत आत गेले ते गुरांसाठी. दावी सोडायला वेळ नव्हता, त्यांनी विळ्याने कापली. हे आई दरवेळी सांगते आणि दरवेळी इथे थांबते, कारण त्या मिनिटात आजोबा परत येतील की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

मग कुणीतरी 'धरण फुटलं' म्हणून ओरडलं. सगळं गाव अंधारात डोंगराच्या अंगाला चढलं. मार्गशीर्षातली थंडी, अंगावर जे असेल ते. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं. वर जाऊन सगळे खालच्या खोऱ्याकडे कान लावून बसले. उजाडलं तेव्हा नदी नेहमीच्याच जागी वाहत होती, आणि खाली गावाच्या जागी धूळ दिसत होती. त्यानंतरचे महिनाभर लोक घरात झोपले नाहीत. शेतात पेंढ्याची खोपटी केली. मोठ्या धक्क्यामागून लहान लहान धक्के येतच राहिले, त्यामुळे जे घर उभं होतं त्यात जायलाही कुणी धजत नव्हतं. शेकोटीभोवती बायका ओव्या म्हणायच्या, ते पोरांना झोप लागावी म्हणून.

कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईतले कारखाने थांबले. तो धक्का मुंबई, पुणे, गोव्यातही जाणवला होता. वर्तमानपत्रांनी मुंबईच्या विजेबद्दल पुष्कळ लिहिलं. आमच्या वाडीचं नाव कुठे आलं नाही.

पाटणकडचे लोक झोपेतून उठतही नाहीत म्हणे. आम्हीच घाबरट का?

नाही. सवयीचा फरक आहे, धीराचा नव्हे. माझी आई तीनचा धक्का बसला तर दुधाचं पातेलं एका हाताने धरते आणि दुसऱ्या हाताने फोडणी ढवळत राहते. पण त्याच बाईला मी २०१९ च्या पुरात मिरजेला आणलं तेव्हा पाण्याचा आवाज ऐकून ती रात्रभर बसून राहिली. जी भीती घरात पिढ्यान्पिढ्या बोलली गेली, तिच्याशी कसं वागायचं ते माणसाला ठाऊक असतं. नवी भीती सगळं अंग व्यापते.

उलट, सवयीचाही धोका आहे. कोयनेकडच्या तरुण मुलांना चारचा धक्का म्हणजे रोजचं वाटतं, ती जागची हलत नाहीत. चार आणि ६.३ मध्ये सुटणाऱ्या ऊर्जेचा फरक सुमारे तीन हजार पट आहे. लहान धक्क्यांची सवय मोठ्या धक्क्याची तयारी करून देत नाही.

असाच प्रकार पालघरकडे झाला. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. आधी असं काही न पाहिलेले लोक रात्री घराबाहेर झोपू लागले, सरकारला तंबू द्यावे लागले. तेव्हा शहरांतून काही जणांनी त्यांची चेष्टा केली होती. ज्याच्या डोक्यावर दगडाची भिंत आहे, त्याने अंगणात झोपणं हा शहाणपणा आहे.

धक्का बसला आणि आम्ही बाहेर पळालो. चुकलं का?

घर कसलं होतं, यावर आहे.

तुम्ही काँक्रीटच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असाल तर पळणं चुकलं. हलत असताना जिना ही सर्वांत वाईट जागा, आणि खाली पोचेपर्यंत वरून गॅलरीच्या कुंड्या, काचा, पाण्याच्या टाकीचं झाकण तुमच्या डोक्यावर येतं. भक्कम टेबलाखाली किंवा पलंगाखाली शिरा, डोकं-मान हातांनी झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. थांबल्यावर जिन्याने उतरा, लिफ्टने नको.

तुम्ही तळमजल्यावर, दगडमातीच्या किंवा माळवदाच्या घरात असाल आणि दार दोन पावलांवर, समोर मोकळं अंगण असेल, तर बाहेर पडणंच बरोबर. माण, खटाव, जत, आटपाडीकडे अजूनही जाड मातीच्या धाब्याची घरं आहेत. उन्हाळ्यात ती गार राहतात म्हणून आपल्याला प्रिय आहेत. पण तो मातीचा थर काही टनांचा असतो. किल्लारीला माणसं मेली ती याच दगडांखाली आणि याच मातीखाली.

आणखी एक सांगते, कारण हे कुठल्या सरकारी पत्रकात मी वाचलेलं नाही. आपल्याकडे वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवतात. धक्क्यात पत्रा टिकतो, दगड घरंगळतात, आणि ते पडतात नेमके दारासमोर, जिथून माणूस बाहेर पळतो. ते दगड काढा, पत्र्याला हुक-बोल्ट मारून घ्या. खर्च फार नाही. माझ्या भावाने सांगूनही दोन वर्षं केलं नव्हतं. एका सप्टेंबरमध्ये पाट्याएवढा दगड न्हाणीच्या दारात येऊन पडला, तेव्हा केलं. ऊसतोडीला आलेल्या लोकांच्या पाचटाच्या कोप्या मात्र यात सर्वांत सुरक्षित. पडल्या तरी अंगावर पाचटच पडतं. आगीचं तेवढं सांभाळावं.

आधी गडगडाट ऐकू आला, मग हललं. ढगांचा आवाज होता का?

भूकंपाचाच. पहिल्या लाटा वेगाने येतात, त्यांचा आवाज होतो पण हिसका लहान असतो. मागून येणाऱ्या लाटा जोरात हलवतात. दोन्हींमध्ये जितका वेळ जास्त, तितका धक्का लांबचा. कोयनेत आवाज आणि हिसका जवळजवळ एकत्रच येतात, सांगलीत बारा-तेरा सेकंदांचं अंतर पडू शकतं. तेवढ्यात टेबलाखाली शिरून होतं.

नुसता आवाज आला आणि काहीच हललं नाही, तर खाणीतला सुरुंगही असू शकतो. वेळ लिहून ठेवा आणि तलाठ्यांना विचारा.

'आज रात्री याहून मोठा येणार, नासाने सांगितलंय' असा मेसेज आलाय. खरं का?

खोटं. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे भूकंप येणार हे जगातली कुठलीही संस्था सांगू शकत नाही. नासा नाही, जपान नाही, कोयनेत भोक पाडून बसलेले आपले शास्त्रज्ञही नाहीत. ज्या मेसेजमध्ये भूकंपाची तारीख आणि वेळ आहे तो त्या एकाच कारणासाठी खोटा समजा.

पण मेसेज पाठवणाऱ्या काकूंवर खेकसू नका. मी एकदा खेकसले आणि पुढच्या वेळी त्यांनी मला वगळून बाकीच्या चाळीस जणांना पाठवला. त्या माणसाला काळजी वाटते आणि काहीतरी करायचं असतं. त्याच्या हाती खरं काहीतरी द्या : 'काकू, वेळ कुणालाच सांगता येत नाही, पण लहान धक्के येऊ शकतात. आज झोपताना चप्पल आणि टॉर्च उशाशी ठेवा, कपाटावरची पेटी खाली काढा, हे सगळ्यांना पाठवा.' हे त्या आनंदाने पाठवतात.

एक गोष्ट मात्र खरी आहे. मध्यम धक्क्यानंतर आणखी धक्के येणं स्वाभाविक असतं. बहुतेक पहिल्यापेक्षा लहान असतात आणि दिवसागणिक कमी होत जातात. क्वचित पुढचा मोठा निघतो. म्हणून भिंत कमकुवत असेल तर पहिले काही दिवस अंगणात झोपायला माझी मुळीच ना नाही.

कुणी ४.१ म्हणतं, कुणी ३.८. नक्की किती? आकडा लपवतात का?

लपवत नाहीत. दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र, नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, प्रत्येकाची यंत्रं वेगळ्या ठिकाणी आहेत आणि गणिताची रीतही थोडी वेगळी. पहिल्या काही मिनिटांत आलेला आकडा घाईचा असतो, नंतर तो सुधारतात. दोन-तीन दशांशांचा फरक पडतोच.

आणखी एक गोंधळ असतो. रिश्टरचा आकडा भूकंपाचा असतो, तुमच्या गल्लीचा नव्हे. एकाच भूकंपात कोयनेजवळच्या हेळवाकला भिंत पडेल, कराडला भांडी वाजतील आणि जतला फक्त टांगलेला दिवा हलेल. मातीचाही फरक पडतो. कृष्णाकाठच्या खोल गाळाच्या, काळ्या मातीच्या जमिनीवर हेलकावा वाढतो आणि जास्त वेळ टिकतो, कातळावरचं घर त्यामानाने कमी हलतं. म्हणून नदीकाठचा माणूस 'फार हललं' म्हणतो आणि टेकडीवरचा 'काहीच नाही' म्हणतो, तेव्हा दोघेही खरं बोलत असतात.

मला काहीच कळलं नाही, वरच्या मजल्यावरच्या वहिनी मात्र रडत खाली आल्या. त्या वाढवून सांगतात का?

नाही. वरचा मजला जास्त झुलतो. तुम्ही चालत किंवा गाडीवर असाल तर कळतही नाही, आडवं पडलेल्याला सगळ्यात आधी कळतं.

सासूबाई म्हणतात शेषाने फणा हलवला. मुलांसमोर हे सांगू द्यावं का?

सांगू द्या. माझ्या वर्गात हा प्रश्न आला तेव्हा एका मुलाने आजीचं ऐकवलं आणि बाकीचे हसले. मी त्यांना म्हटलं, बघा, यंत्रं नव्हती तेव्हाही माणसाला एवढं कळलं होतं की जमीन एका जागी स्थिर नाही, खाली काहीतरी भार पेलतंय आणि ते कधीतरी बाजू बदलतं. मग फळ्यावर भेगेची आकृती काढली. मुलांच्या डोक्यात दोन्ही गोष्टी राहतात, भांडण होत नाही.

जिथे मी अडवते ती जागा वेगळी. 'अमक्यांनी पाप केलं म्हणून झालं', 'त्या वस्तीमुळे झालं' असं बोलणं सुरू झालं की गप्प बसू नका. घाबरलेल्या गावाला कुणावर तरी बोट ठेवायला हवं असतं, आणि ते बोट नेहमी गरिबाच्या दिशेने जातं.

धक्क्यानंतर भिंतीला तडा दिसतोय. घरात राहावं का?

प्लास्टरला केसासारखी भेग असेल तर बहुधा चिंता नाही. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, करंगळीचं नख आत जाईल एवढी, किंवा आतून-बाहेरून दोन्हीकडे दिसणारी भेग असेल तर त्या खोलीत झोपू नका. दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींपासून सुटल्या असतील किंवा दगडी भिंतीला पोट आलं असेल तर घर रिकामं करा आणि अभियंत्याला दाखवा.

तडा जुना की नवा कळत नसेल तर त्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फाटली तर तडा वाढतोय. आत जाण्याआधी गॅसचा वास येतो का बघा. येत असेल तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण लावू किंवा बंद करू नका.

नवीन घर बांधतोय. एवढ्यासाठी खर्च वाढवावा का?

वाढवा. पाया, दार-खिडक्यांच्या वरची पातळी आणि छताखाली अशा तीन ठिकाणी सळईचा काँक्रीट पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा, म्हणजे चारही भिंती पेटीसारख्या बांधल्या जातात. दगडी भिंत असेल तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मध्ये मध्ये टाकायला गवंड्याला सांगा, नाहीतर आतला थर आणि बाहेरचा थर धक्क्यात सुटे होतात. किल्लारीला हेच झालं होतं. खाली नुसते खांब आणि गाड्या, वर तीन मजले, अशी इमारत आता सांगली-साताऱ्यात गल्लोगल्ली आहे. तशी बांधायची तर खालच्या खांबांचा हिशोब स्वतंत्र करून घ्या. टाइल्स थोड्या स्वस्तातल्या बसवा, सळईत काटकसर नको.

थांबूनही अजून हलतंय असं वाटतं. लेक शाळेत जायला तयार नाही.

हा भास पुष्कळांना होतो. जपानी भाषेत त्याला स्वतंत्र शब्दच आहे. आमच्याकडे उपाय होता तो साधा : तांब्यात काठोकाठ पाणी भरून समोर ठेवायचं. पाणी स्थिर असेल तर जमीन स्थिर आहे. लेकीच्या उशाशी असा तांब्या ठेवा, तिला स्वतः बघू द्या. 'काही झालं नाही, झोप' असं म्हटलं की मूल एकटं पडतं, कारण झालं होतं हे त्याला माहीत असतं. त्यापेक्षा पुन्हा आलं तर कुठे शिरायचं, बाहेर कुठल्या झाडाजवळ जमायचं, ते दोनदा खेळल्यासारखं करून दाखवा. दोन-तीन आठवड्यांनीही झोप येत नसेल, जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मोठ्यांनाही हेच लागू आहे. माझी आई आज सत्तरीच्या पुढे आहे आणि अजून दाराच्या बाजूलाच झोपते. आम्ही तिचं अंथरूण कधी हलवलं नाही.

कुणाला कळवायचं?

कुणी अडकलं, जखमी झालं तर ११२. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. नुसतं 'धक्का बसला का हो?' विचारायला या क्रमांकांवर फोन करू नका, तेवढ्यात खरी गरज असलेल्याला लाइन मिळत नाही.

आणि जे जाणवलं ते लिहून ठेवा. हे मी फार आग्रहाने सांगते. यंत्रं जिथे बसवली आहेत तिथलीच नोंद करतात. तुमच्या वाडीत, तुमच्या माळावर काय झालं ते फक्त तुम्हाला माहीत असतं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर जगातल्या कुणालाही आपला अनुभव भरता येतो, आणि अशा उत्तरांतूनच कुठे किती हललं याचा नकाशा तयार होतो. ते जमत नसेल तर स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहा. आमच्या माहेरी दुधाच्या हिशोबाच्या रकान्यातच असतं : 'रात्री २.१०. आधी आवाज. मांडणीतली ताटं वाजली. गाय उठली. दहा आकडे मोजेपर्यंत हललं. न्हाणीच्या भिंतीला जुनी भेग, वाढली नाही.'